दुखणाइताचं बाकडं

शिमगा होऊन गेला होता. सकाळचा चहा घेऊन मी पडवीत बसले होते, तर फाटकाशी सुगंधा उभी दिसली. सुगंधा म्हणजे चैतीबायची सून. ती कधी एकटी येत नसे, सासूच्या मागे मागे यायची, म्हणून माझी नजर आपोआप तिच्या मागे गेली. मागे कोणी नव्हतं. ती आत आली आणि पडवीतल्या लाकडी बाकड्यावर बसली. मी काही विचारण्याआधीच म्हणाली, "आई गेली, बाई... परवा." मग पदराने तोंड पुसून पुन्हा म्हणाली, "पन सांगून गेली. तुमाला सांगाया पायजे म्हनून आले." फोन का केला नाही, हे विचारायची गरजच नव्हती. त्यांच्या पाड्यावरून फोन करायचा तर टेकाडावर चढावं लागतं, आणि मयताच्या घरातलं कोण टेकाड चढत बसणार! सुगंधासाठी मी आत चहा ठेवायला गेले आणि गॅसजवळ नुसतीच उभी राहिले. चैतीबाय गेली याचं दुःख तर होतंच, पण कानात घोळत होतं ते ‘सांगून गेली’. दुसऱ्या कोणाला त्यात काही विशेष वाटणार नाही. चैतीबायने आपलं दुखणं आपल्या तोंडाने सांगावं, यासाठी काय काय घडावं लागलं होतं ते मात्र मला ठाऊक होतं.

चैतीबाय पोशेऱ्याच्या अलीकडच्या एका पाड्यावर राहायची. थोडी भातशेती, वरकस उतारावर नाचणी, आणि उरलेल्या वेळात चित्रं. तिच्या लहानपणी पाड्यावरच्या सवाशिणी भिंतीवर लग्नाचा चौक लिहायच्या, त्यांच्या हाताखाली ती तांदळाचं पीठ कालवून द्यायची. तिथेच ती शिकली. पुढे कागदावर, कापडावर काढू लागली, जव्हारला दुकानात विकायला ठेवू लागली. माझी तिची ओळख अशाच एका दुकानात झाली. मी इथल्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. एका चित्रातली गाय मला बकरीसारखी वाटली आणि मी तसं बोलून गेले. मागून आवाज आला, "बाईंनी गाय पाहिली नाय वाटतं!" तेव्हापासून आमची मैत्री. ती मला बाई म्हणायची, मी तिला चैतीबाय. वयाने ती माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी असेल, पण ते तिलाही नक्की माहीत नव्हतं आणि मलाही ते मोजायचं नव्हतं.

आता माझ्या फ्रेंचबद्दल. पुण्याला कॉलेजात असताना मी हौसेने फ्रेंच घेतलं, नंतर वर्गही केले. पुढे नोकरी लागली ती जव्हारला. आमच्या वडिलांनी तेव्हा विचारलं होतं, "जव्हारला फ्रेंच कोणाशी बोलणार तू?" आणि खरंच, सगळ्या नोकरीत तसं कोणी भेटलं नाही. ती भाषा माझ्याकडे ठेवणीतल्या साडीसारखी पडून होती. मी निवृत्त झाले, आणि त्यानंतर एका थंडीत एक फ्रेंच जोडपं जव्हार पाहायला आलं. गावाबाहेरचा शिरपामाळ बघून ते खाली गावात उतरले, दुकानात चैतीबायचं चित्र पाहिलं, आणि थेट तिच्या पाड्यावर जाऊन थडकले. तो माणूस तिकडच्या कुठल्याशा लहान गावातल्या शाळेत शिक्षक होता. शाळेची एक अख्खी भिंत चैतीबायने रंगवावी असं त्याच्या मनाने घेतलं. पासपोर्ट, व्हिसा, तिकिटं यात बरेच महिने गेले, पण ते जमलं. सोबत तिचा भाचा जाणार होता. तो मुंबईला कामाला असल्यामुळे हिंदी बोलायचा, इंग्रजीही मोडकंतोडकं. अडून बसला तो चैतीबायचा मुलगा काशिनाथ. तो ठाण्याला बांधकामावर असतो, तिथे त्याने डोळ्यांदेखत एक सोबती गमावला होता. पोटात दुखतंय हे त्या सोबत्याने कोणाला सांगितलंच नव्हतं. काशिनाथ आईला म्हणाला, "खायला ते देतील, झोपायला देतील. पन तुला काय झाला तर तू सांगशील कोनाला? इथं तरी सांगतेस काय कधी?" आणि तिला दुखणं सांगता येईपर्यंत विमानात बसू देणार नाही, असं त्याने जाहीर केलं.

त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. चैतीबायच्या घरात, खरं तर त्या सगळ्या पाड्यावरच, आजारी माणूस आपलं दुखणं आपण सांगत नाही. घरातलं कोणीतरी मूठभर तांदूळ त्याच्या अंगावरून उतरवतं आणि भगताकडे घेऊन जातं. भगत दाणे बघतो आणि काय बिनसलंय ते सांगतो. दुखणाईत घरीच असतो, गप्प पडून. सरकारी दवाखान्यातही तेच. डॉक्टर विचारतात पेशंटला आणि उत्तर देते सोबत आलेली बाई. चैतीबाय ही पाड्यावरची अशी कायमची सोबत जाणारी बाई होती. कोणाच्याही घरी दुखणं आलं की तांदूळ घेऊन जायला ती, कोणाला जीपमध्ये घालून जव्हारला आणायचं तर ती, आणि डॉक्टरांपुढे मराठीत सगळं समजावून सांगायलाही तीच. सगळ्या पाड्याची दुखणी तिला पाठ होती, फक्त स्वतःचं एकही नव्हतं.

काशिनाथनेच तिला माझ्याकडे आणलं. मी हरखून गेले. निवृत्त झाल्यावर, फ्रेंच शिकायला, मोखाड्याच्या डोंगरातून विद्यार्थीण! मी ठरवलं की लिहिणं-वाचणं काही नाही, व्याकरण तर नाहीच, फक्त बोलणं. दर बाजाराच्या दिवशी ती येणार, आणि दर खेपेला शरीराचा एक भाग आणि एक तक्रार एवढंच आम्ही घेणार. शाळेतून मोडीत निघालेलं एक बाकडं मी पडवीत आणून ठेवलं होतं. ते झालं दुखणाइताचं. समोर माझी वेताची खुर्ची, ती डॉक्टरची. पहिल्या दिवशी मी तिला बाकड्यावर बसवलं आणि विचारलं, "ऊ आव्हे-व्हू माल?" म्हणजे, तुम्हाला कुठे दुखतंय? मग उत्तर शिकवलं, "जे माल आ ला तेत." माझं डोकं दुखतंय. तिने ते कान देऊन ऐकलं, दोनदा ओठ हलवले, आणि गप्प बसली. मी म्हटलं, "म्हण की." ती म्हणाली, "माझा डोका नाय दुखत."

मला हसू फुटलं. मी तिला परोपरीने समजावलं की हे खोटं खोटं आहे, शिकण्यापुरतं आहे, नाटकात नाही का माणसं मरत! ती ऐकेना. "खोटा दुखना तोंडानी बोलायचा नाय, बाई," ती म्हणाली. "तो आयकतो. मंग त्याला वाटतं आपल्याला बोलावलाय, नी येतो." तिला समजावण्यात तास गेला, आणि शेवटी चहा पिऊन ती निघून गेली. एकुलता एक विद्यार्थी पहिल्याच दिवशी नापास झाला म्हणून मी दिवसभर चिडचिड करत होते.

पुढच्या बाजाराला ती आली, ती धवळू नावाच्या शेजाऱ्याला घेऊनच. गालाला फडकं बांधलेलं, एक डोळा अर्धा मिटलेला, चेहरा कसनुसा. तिने त्याला बाकड्यावर बसवलं, स्वतः त्याच्या शेजारी टेकली आणि मला म्हणाली, "हां, बाई. याची दाढ दुखते. आता शिकवा." मी कपाळाला हात लावला. पण शिकवलं! धवळूला विचारलं, "ऊ आव्हे-व्हू माल?" आणि चैतीबायने त्याच्या गालाकडे बोट दाखवून स्पष्ट, खणखणीत म्हटलं, "जे माल ओ दाँ." मी म्हटलं, अगं, हे ज्याचं दुखतं त्याने म्हणायचं असतं. ती वळून धवळूला म्हणाली, "आयकलास काय? बोल." आणि धवळू, ज्याने उभ्या जन्मात शाळेची पायरी चढली नव्हती, तो सुजलेल्या गालातून फ्रेंचमध्ये म्हणाला की माझे दात दुखतायत. आम्ही तिघंही हसलो, त्याला हसताना जास्तच कळ आली. मग मी त्याच्या दाढेत लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला आणि तिघं मिळून दवाखान्यात गेलो. दाढ त्याच दिवशी काढली. ती वर्षभरापासून दुखत होती, हे मला नंतर कळलं.

त्यानंतर दर बाजाराला हेच. ‘जे माल ओ व्हाँत्र’ म्हणजे पोट दुखतंय, त्यासाठी तिची नणंद वांगणीहून आली, दोन गाड्या बदलून. गुडघ्याला एक म्हातारी आली, तिला जीपमधून उतरवून घेताना माझाच गुडघा धरला. ‘ज तूस’, मला खोकला झालाय, यासाठी ती एका माणसाला घेऊन आली आणि तो इतका खोकला की मला शब्द शिकवायला जागाच मिळेना. त्याला तर मी धडा अर्धा टाकून दवाखान्यात नेलं, पुढे सहा महिने त्याचं औषध चाललं आणि तो बरा झाला. आणि तापाच्या धड्याला तिने सुगंधाला आणलं, अंगात कणकण घेऊन, घोंगडीत गुंडाळून. मी संतापले. "तापाने फणफणलेल्या पोरीला जीपमध्ये कोंबून आणलंस? तुला काही वाटतं का?" चैतीबाय शांतपणे म्हणाली, "तुमीच बोललात ना, या टायमाला तापाचा धडा हाय म्हनून." सुगंधा घोंगडीतून कुडकुडत म्हणाली, "जे द ला फिएव्र," आणि मी रागावले होते ते विसरूनच गेले.

आजही मला एक कोडं सुटलेलं नाही. चैतीबाय हे सगळं भाबडेपणाने करत होती की पुरतं जाणूनबुजून? कारण ही सगळी माणसं दवाखान्याचं नाव काढलं की पळणारी. धवळूच्या बायकोने वर्षभर त्याच्या हातापाया पडून पाहिलं होतं. पण ‘चैतीला परदेशी जायाचाय, तिला धड्यासाठी दात पायजे’ म्हटल्यावर तो निमूटपणे जीपमध्ये बसला. स्वतःच्या दुखण्यासाठी कोणी येत नव्हतं, तिच्या शिकण्यासाठी सगळे येत होते. मी एकदा तिला सरळ विचारलं. ती नुसती हसली आणि म्हणाली, "पुढच्या टायमाला काय हाय? कान काय? कानवाला हाय माझ्याकडे."

एकच धडा राहिला, छातीचा. छाती दुखणारं कोणी तिला मिळेना. जायच्या आधीच्या बाजाराला ती हात हलवत आली, म्हणाली, "छातीवाला गावला नाय." मी म्हटलं, "नशीब समज!" आणि तो शब्द न शिकताच ती विमानात बसली.

परतली तेव्हा तिच्याकडे सांगायला फार काही नव्हतं, किंवा तिला सांगायचं नव्हतं. भिंत मोठी होती, थंडी वाईट होती, भाकरी नव्हती. "माझी भाषा कामाला आली का?" मी आशेने विचारलं. "एकदा आली," ती म्हणाली. ज्या घरी ती उतरली होती तिथे त्या शिक्षकाची म्हातारी आई होती. ती बसताना-उठताना खुर्चीचे हात घट्ट धरायची आणि कोणी पाहिलं की हसायची. चैतीबायने ते हेरलं. एका दुपारी घरात दोघीच असताना तिने म्हातारीला विचारलं, "ऊ आव्हे-व्हू माल?" आणि म्हातारी बोलायला लागली... किती वेळ बोलत होती! "तुला काय कळलं त्यातलं?" मी विचारलं. "काय नाय कळला. मी आयकत व्हते. रडली नं ती." संध्याकाळी शिक्षक घरी आल्यावर चैतीबाय त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हातारीकडे हात करून म्हणाली, "एल आ माल ओ दो." हिची पाठ दुखतेय. मुलाला हे ठाऊकच नव्हतं. "तिकडंपन आपल्यावानीच हाय, बाई," चैतीबाय म्हणाली, "कोन सांगत नाय." म्हणजे एवढ्या लांब जाऊनही तिने केलं काय, तर दुसऱ्याचं दुखणं पोचतं केलं. मी काशिनाथला गमतीने म्हटलं, तुझी अट वाया गेली.

ती वाया गेली नव्हती हे कळायला मध्ये काही वर्षं जावी लागली. अडीचेक वर्षांपूर्वी, भाताची कापणी संपत आली होती तेव्हा, बाजाराचा दिवस नसताना चैतीबाय एकटीच आली. मी तेव्हा पडवीत मटार सोलत होते. ती माझ्याजवळ खाली बसायची नेहमी, मटारही सोलू लागायची. त्या दिवशी ती सरळ बाकड्यावर जाऊन बसली. दुखणाइताच्या जागी. मी म्हटलं, "आज कोणाला आणलंयस? मागून येतंय का कोणी?" ती म्हणाली, "तो एक धडा राहलाय ना, बाई. तो घेव." मी खूश झाले. इतक्या वर्षांनी हिला धडा आठवला! तिने तळहात छातीवर ठेवला, "याला काय म्हनतात?" मी सांगितलं, प्वात्रीन. तिने नेहमीप्रमाणे ओठ हलवले. आणि मग माझ्याकडे बघत, एकेक शब्द नीट ठेवत म्हणाली, "जे माल... आ ला प्वात्रीन."

"त्रे ब्याँ!" मी म्हटलं. फार छान. तिचे उच्चार माझ्याहून चांगले होते. मी पुन्हा मटाराची शेंग उचलली, आणि ती माझ्या हातातच राहिली. खोटं दुखणं ही बाई तोंडाने बोलत नाही... मी मान वर केली तर तिच्या कपाळावर घाम होता आणि ती लहान मुलीसारखी माझ्याकडे बघत होती, बरोबर आलं का म्हणून. मी विचारलं, "कधीपासून?" ती म्हणाली, "सकाळधरनं. घरी नाय सांगलं... तिथं सांगाया तोंड उघडत नाय गं." पहिल्यांदाच ती मला ‘गं’ म्हणाली.

मग रिक्षा, दवाखाना, तिथून ॲम्ब्युलन्स, नाशिक. मी तिच्या उशाशी बसले होते. तिथल्या तरुण डॉक्टरांनी तिला विचारलं, "आजी, कुठे दुखतंय?" सवयीने तिने माझ्याकडे पाहिलं, मी सांगेन म्हणून. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. शेवटी तिनेच हात छातीवर ठेवला आणि म्हणाली, "इसी." डॉक्टरांना वाटलं ती ईसीजीबद्दल विचारतेय. "हो हो, तोच काढतोय," ते म्हणाले. ‘इसी’ म्हणजे इथे, हे मी त्यांना सांगत बसले नाही. ती वाचली.

घरी आल्यावर तिने एक गोष्ट केली, आणि मला तिचा सगळ्यात जास्त अभिमान वाटतो तो त्यासाठी. तिने सुगंधाला, काशिनाथला, नातवंडांना, शेजारच्या धवळूला सगळे धडे शिकवले. डोकं, दात, पोट, ताप, आणि छातीसुद्धा. त्यांच्या घराच्या आतल्या भिंतीवर तिने पांढऱ्या रंगात माणसं काढली, कोणाचा हात डोक्यावर, कोणाचा पोटावर. दुखणं त्या चित्रातल्या माणसांचं, म्हणजे शिकताना कोणाला खोटं बोलायला नको. आपल्या बोलीत जे तोंडावर येत नाही ते या परक्या शब्दांत येतं, हे तिला उमगलं होतं. देवाला, भगताला, कोणालाच त्यात वावगं वाटायचं कारण नव्हतं, ती भाषा त्यांच्या ओळखीचीच नव्हती ना! मी गेले की सगळी पोरं ओरडायची, "ऊ आव्हे-व्हू माल?" आणि मी कुठेही दुखत नसल्याचं सांगितलं की हिरमुसायची. त्यानंतरचे दोन पावसाळे तिने चांगले काढले. चित्रं काढली, नाचणी लावली, मला शिव्या घातल्या.

सुगंधाने त्या सकाळी चहाचा कप हातात धरून सगळं सांगितलं. दुपारची वेळ होती, चैतीबाय अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. हातातलं सूप तिने खाली ठेवलं, आत आली, आणि सुनेला म्हणाली, जे माल आ ला प्वात्रीन. "मना लगेच समजला, बाई. मी एक मिनिट नाय घालवला." तिने धवळूला हाक मारली, चार माणसांनी चैतीबायला डोलीत घालून सडकेपर्यंत आणलं, गाडीही मिळाली. पण रस्ता तो रस्ता. अर्ध्या वाटेत, वळणावर, सुगंधाच्या मांडीवर तिने डोळे मिटले. "सांगितलान तिनं," सुगंधा पुन्हा पुन्हा म्हणत होती. "आमी काय कमी केला नाय. ती सांगून गेली." मी तिचा हात धरून बसले. तिला हे माझ्याकडून ऐकायचं होतं की तिने काही कमी केलं नाही, आणि मी ते तिला सांगितलं, कारण ते खरं होतं.

या गोष्टीला आता महिना होऊन गेला. मला वाटलं होतं की पडवी आता ओकीबोकी होणार. गेल्या बाजाराला फाटक वाजलं. सुगंधा, आणि मागे धवळू, डोळ्याला पाणी येतंय म्हणून रुमाल धरलेला. "डोळ्याचा धडा झालाय काय आपला?" सुगंधाने विचारलं. झाला नव्हता. धवळू आता म्हातारा झालाय, त्याला पाठ टेकायला हवी म्हणून मी त्याला माझ्या वेताच्या खुर्चीत बसवलं, आणि बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी बाकड्यावर बसले. इतक्या वर्षांत मी त्या बाकड्यावर कधी बसले नव्हते. उन्हाने तापलेलं होतं ते, आणि एका बाजूला चैतीबायच्या बोटाला लागलेल्या पांढऱ्या रंगाचा ठिपका होता. मी त्याच्यावर बोट फिरवत राहिले असणार. सुगंधाने माझ्याकडे पाहिलं, सासूच्या त्याच सुरात, थोडी मान वाकडी करून विचारलं, "ऊ आव्हे-व्हू माल, बाई?"

पोरांचा खेळ सोडला तर मला आजवर हे कोणी विचारलं नव्हतं, विचारणारी नेहमी मीच होते. मी हात छातीवर ठेवला आणि म्हटलं, "इसी."

खोटं दुखणं तोंडाने बोलायचं नाही, हा चैतीबायचा नियम. मी तो मोडला नाही.